मार्केट रिसर्च कंपनीत सेल्सला लागताय? कामाला बसण्याआधी एवढं समजून घ्या

मार्केट रिसर्च कंपनीच्या सेल्स टीममध्ये नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात साधारण तीन गोष्टी मिळतात: कॉलिंगची स्क्रिप्ट, सीआरएमचा (गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पासवर्ड आणि महिन्याचं टार्गेट. आपण जे विकणार ते तयार कसं होतं, हे मात्र कुणी बसवून सांगत नाही. क्लायंट विचारतो तो प्रश्न नेमका तिथला असतो: ‘हा आकडा आला कुठून?’ स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर नसतं. ‘आमच्या अनुभवी टीमने सखोल संशोधन करून काढलाय’ असं काहीतरी बोलून माणूस वेळ मारून नेतो, आणि क्लायंट ‘बघतो, कळवतो’ म्हणून फोन ठेवतो. तो परत कळवत नाही.

या धंद्यात मी बरीच वर्षं काढली आहेत. गोड बोलणारे सेल्सवाले भरपूर पाहिले, पण टिकले ते आपला माल आतून ओळखणारे. त्यामुळे खालच्या पायऱ्यांमध्ये बोलण्याच्या युक्त्या कमी आणि मालाची ओळख जास्त आहे.

१. कंपनी नेमकं काय विकते ते आधी विचारा

‘मार्केट रिसर्च’ या एका पाटीखाली चार वेगळे धंदे चालतात, आणि प्रत्येकातली सेल्सची नोकरी वेगळी असते.

सिंडिकेटेड रिपोर्ट म्हणजे एकदा लिहिलेला आणि अनेकांना विकला जाणारा तयार रिपोर्ट. इथे इन्क्वायरी भरपूर, सौदा छोटा, फोन आणि ईमेलचा मारा मोठा. कस्टम रिसर्च म्हणजे एकाच क्लायंटच्या प्रश्नावर, फक्त त्याच्यासाठी केलेला अभ्यास. यात एक ऑर्डर मिळायला महिने जातात, पण ती मोठी असते. तिसरा प्रकार सॅम्पल आणि फील्डवर्कचा: सर्व्हेला उत्तरं देणारी माणसं पुरवायची. इथले गिऱ्हाईक बहुतेकदा दुसऱ्या रिसर्च कंपन्याच असतात आणि त्यांना कोटेशन काही तासांत हवं असतं. चौथा प्रकार वर्गणीवर मिळणाऱ्या नियमित डेटाचा. दुकानांतली विक्री ठरावीक काळाने मोजत राहण्याची पद्धत याच गटातली. आर्थर नील्सन यांनी १९२३ साली सुरू केलेल्या कंपनीचं नाव पुढे याच कामाने मोठं झालं. इथे नवीन विक्रीइतकंच जुन्या कराराचं नूतनीकरण महत्त्वाचं.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, कंपनी देते की स्वतः शोधायची? इन्सेंटिव्ह ऑर्डर आल्यावर मिळतो की पैसे जमा झाल्यावर? शिफ्ट कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे? क्लायंटच्या कॉलवर अ‍ॅनालिस्ट, म्हणजे रिपोर्ट तयार करणारा माणूस, येतो का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा घुटमळला, तर दुसरी ऑफर हातात असताना तिचा विचार करा. अ‍ॅनालिस्टशिवाय रिपोर्ट विकणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणं.

२. विकायचा रिपोर्ट स्वतः वाचा, आणि मधूनच वाचा

पाचशे पानं वाचायला कुणी सांगत नाही. व्याप्ती आणि कार्यपद्धती ही दोन प्रकरणं मात्र शब्दन्‌शब्द वाचा. बहुतेक सेल्सवाले थेट पहिल्या पानावरचा ‘एकूण बाजारपेठ इतकी’ हा आकडा पाठ करतात. त्या आकड्याचा अर्थ या दोन प्रकरणांत दडलेला असतो.

उदाहरण म्हणून इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीचा रिपोर्ट घ्या. त्यात बॅटरीतल्या सुट्या सेलची किंमत मोजली आहे की पूर्ण पॅकची? नवीन गाडीत बसलेल्याच बॅटऱ्या धरल्या आहेत की नंतर बदललेल्याही? दुचाक्या आहेत का? किंमत कारखान्याच्या दारातली की ग्राहकाने मोजलेली? यातलं एक उत्तर बदललं की एकूण आकडा कुठल्या कुठे जातो. दोन नावाजलेल्या कंपन्यांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कुणी खोटं बोलत असतं असं नाही. बऱ्याचदा दोघांनी मोजलेली वस्तूच वेगळी असते.

मग अ‍ॅनालिस्टला गाठा आणि त्याला तीन गोष्टी विचारा. किती आणि कोणत्या प्रकारच्या लोकांशी प्रत्यक्ष बोललात? आकडा वरून खाली आणलाय की खालून वर चढवलाय? म्हणजे मोठ्या उद्योगाच्या एकूण उलाढालीतून वाटा काढलाय की एकेका कंपनीची विक्री जोडत गेलात? आणि या रिपोर्टचा सर्वांत कच्चा भाग कोणता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं मिळालं तर ते वहीत लिहून ठेवा. क्लायंटचं बोट हमखास तिथेच पडतं.

३. थोडं अंकगणित हात बसेपर्यंत करा

मी सेल्सवाला, आकडे अ‍ॅनालिस्टचे, असं म्हणून इथे भागत नाही. तीन हिशेब फोनवर बोलता बोलता यायला हवेत.

पहिला, चक्रवाढ वार्षिक वाढीचा दर, ज्याला सगळे सीएजीआर म्हणतात. समजा २०२५ साली बाजार १०० आहे आणि २०३० पर्यंत दर वर्षी ८ टक्के वाढतो. २०३० साली किती? कागदावर २०२५ ते २०३० अशी सहा वर्षं दिसतात, म्हणून नवखा माणूस सहा वेळा गुणतो आणि १५८.७ सांगतो. पण मधल्या उड्या पाचच आहेत, त्यामुळे बरोबर उत्तर १४६.९. क्लायंटचा फायनान्सवाला कॉलवर असेल तर त्याच्या बोटाखाली कॅल्क्युलेटर असतोच. मार्केटिंगच्या ईमेलमध्ये सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा आणि दर हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हे पाठवण्याआधी दर वेळी तपासा. न जुळणारे ईमेल सर्रास फिरतात.

दुसरा, सॅम्पलचा. सरळ यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४०० लोकांच्या सर्व्हेत ९५ टक्के खात्रीच्या पातळीवर चूक साधारण अधिक-उणे ५ टक्के धरतात. ती निम्मी करायची तर ८०० लोक पुरत नाहीत, १,६०० लागतात. उलट बाजूही बघा: त्याच ४०० लोकांना चार प्रदेशांत वाटलं की प्रत्येकी १०० उरतात आणि चूक अधिक-उणे १० टक्क्यांच्या घरात जाते. ‘४०० लोक घेऊ, आणि प्रत्येक प्रदेशाचं वेगळं चित्रही द्या’ असं क्लायंट सहज म्हणून जातो. तिथे हो म्हणण्याआधी हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. आणखी एक: ऑनलाइन पॅनेल म्हणजे स्वतःहून नाव नोंदवलेली माणसं. तिथे हे सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही, म्हणून ‘अमुक टक्के अचूक’ अशी हमी देऊ नका.

तिसरा, इन्सिडन्सचा, म्हणजे विचारलेल्या शंभरांत आपल्या कामाची माणसं किती सापडतात त्याचा. ४०० पूर्ण मुलाखती हव्यात आणि इन्सिडन्स १० टक्के असेल तर ४,००० जणांची चाळणी करावी लागते. प्रत्यक्षात तो ४ टक्के निघाला तर १०,००० जणांची. दर मात्र तुम्ही आधीच देऊन बसलेले असता. याबद्दल पुढे सातव्या पायरीत पुन्हा बोलू.

४. लीड हातात आली की आधी वाचा, मग फोन उचला

इन्क्वायरी फॉर्ममध्ये माणसाने जे स्वतः टाइप केलेलं असतं ती सगळ्यात मोलाची ओळ. ‘सॅम्पल पाठवा’ (इथे सॅम्पल म्हणजे रिपोर्टची नमुना पानं) एवढंच असेल तर तो चाचपडतोय. ‘दक्षिण अमेरिकेतली आयात देशवार आहे का?’ असं असेल तर त्याचं काम चालू आहे, त्याला आधी फोन करा.

कंपनीचा ईमेल नसलेल्यांना झटकू नका, पण ओळखा. त्यात विद्यार्थी असतात, नोकरी शोधणारे असतात, आणि प्रतिस्पर्धी कंपनीचे तुमच्यासारखेच सेल्सवालेही असतात (किंमत काढायला येतात, नाव वेगळं सांगतात). सल्लागार कंपनीची इन्क्वायरी आली तर हातातलं काम बाजूला ठेवा. त्यांच्या क्लायंटची तारीख तोंडावर असते, त्यामुळे निर्णय झटपट होतो. घासाघीसही तेच सर्वांत जास्त करतात, ते सोडा.

स्वतः लीड शोधायच्या असतील तर नियम पाळूनच. युरोपात जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, त्यामुळे माणसाचा ईमेल पत्ता हाही वैयक्तिक डेटा आहे. तो कुठून मिळवला, हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. अमेरिकेच्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार ‘मला यादीतून काढा’ ही विनंती १० कामकाजाच्या दिवसांत पाळावी लागते. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही पडताळणी (मेल खरंच त्याच डोमेनवरून आलाय का, याची) बंधनकारक केली आहे, शिवाय स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. विकत आणलेल्या यादीवर एकाच दिवशी धडाधड मेल सोडले की कंपनीचं डोमेनच खराब होतं. मग चांगल्या क्लायंटला गेलेलं कोटेशनही स्पॅममध्ये पडून राहतं.

एक गोष्ट कधीच करू नका: सर्व्हेच्या नावाखाली विक्री. ‘एक छोटा सर्व्हे आहे’ म्हणून माणसाला बोलतं करायचं आणि हळूच माल पुढे सरकवायचा, याला धंद्यात सगिंग म्हणतात. एसोमार या आंतरराष्ट्रीय संघटनेची आचारसंहिता संशोधन आणि विक्री यांची सरमिसळ करू देत नाही. मॅनेजरने सांगितलं तरी नाही म्हणा. लोकांनी सर्व्हेला उत्तरं देणं थांबवलं तर आपलं दुकान चालणार कशावर?

५. पहिला कॉल: रिपोर्टबद्दल कमी, निर्णयाबद्दल जास्त

सॅम्पल मागवणाऱ्याला केलेला चांगला कॉल साधारण असा जातो:

‘नमस्कार, आपण काल सॅम्पल मागवलं होतं. पाठवण्याआधी दोन मिनिटं बोलू का? म्हणजे तुमच्या उपयोगाचीच पानं पाठवता येतील.’
‘बोला.’
‘रिपोर्ट कशासाठी हवाय?’
‘नवीन प्लांट टाकायचा विचार चाललाय.’
‘जागा ठरली आहे?’
‘दोन देश डोळ्यांसमोर आहेत.’
‘निर्णय कधी घ्यायचाय, आणि कोण घेणार?’
‘पुढच्या महिन्यात बोर्डाची बैठक आहे.’

एवढ्यात तुम्हाला सगळं मिळालं. या माणसाला जागतिक बाजारपेठेच्या आकड्याचं फारसं काही पडलेलं नाही. त्याला दोन देशांतली सध्याची उत्पादनक्षमता आणि मागणी हवी आहे, बोर्डासमोर मांडता येईल अशा स्वरूपात, आणि बैठकीच्या निदान आठवडाभर आधी. रिपोर्टमध्ये देशवार क्षमता नसेल तर त्याच कॉलवर सांगा: ‘ते यात नाही, पण दोन देशांपुरतं वेगळं करून देता येईल का ते अ‍ॅनालिस्टला विचारून उद्या सांगतो.’ नाही म्हटल्याने ऑर्डर जाते असं नवख्यांना वाटतं. माझ्या पाहण्यात तरी, न मागता खरं सांगणाऱ्याला त्याच क्लायंटने दुसऱ्या कामासाठी बोलावलेलं जास्त वेळा दिसलंय.

‘बजेट किती आहे?’ हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला नको, पण कॉल संपण्याआधी विचारा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

६. सॅम्पल, अ‍ॅनालिस्ट कॉल आणि किंमत

सॅम्पलमध्ये अनुक्रमणिका, व्याप्ती आणि काही नमुन्याची पानं असतात. आकडे बहुधा झाकलेले असतात. सगळ्यांना एकच पीडीएफ ढकलू नका. पाचव्या पायरीतल्या प्लांटवाल्या क्लायंटला क्षमतेच्या तक्त्याचं पान दाखवा, आकडे झाकलेले असले तरी चालतील. तक्त्याच्या रकान्यांवरूनच त्याला कळतं की आपल्या कामाचं आहे.

अ‍ॅनालिस्ट कॉलच्या आधी अ‍ॅनालिस्टला अर्ध्या पानाची टिपणी द्या: कोण माणूस, कोणता निर्णय, काय विचारेल, आणि काय सांगायचं नाही. ‘काय सांगायचं नाही’ हे लिहायला लोक विसरतात. अ‍ॅनालिस्ट भला माणूस असतो. कुणी मनापासून विचारलं की तो पाऊण तासात रिपोर्टचा सगळा अर्क फुकट सांगून मोकळा होतो, आणि मग विकायला उरतं काय? पद्धत मोकळेपणाने सांगावी, निष्कर्ष हातचे राखावेत. आणि तो बोलत असताना तुम्ही गप्प बसा.

किंमत लायसन्सप्रमाणे ठरते: एका माणसासाठी, ठरावीक लोकांसाठी किंवा पूर्ण कंपनीसाठी. क्लायंट एकाचं लायसन्स घेऊन पंधरा जणांना फाइल पाठवणार असेल तर ते बोलण्यात कळतं. तेव्हाच मोठं लायसन्स सुचवा, नंतर भांडण नको.

सवलतीचं सांगायचं तर, सिंडिकेटेड रिपोर्टच्या धंद्याला तिची वाईट खोड लागली आहे. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात ‘फक्त आजच’ म्हणून भाव पाडला जातो, आणि नेहमीचा क्लायंट तो आठवडा येईपर्यंत थांबायला शिकतो. भाव पाडण्याऐवजी माल कमी करून बघा: पूर्ण रिपोर्टऐवजी दोन प्रकरणं, एकच प्रदेश, किंवा नुसती आकड्यांची स्प्रेडशीट. सवलत द्यायचीच वेळ आली तर बदल्यात काहीतरी मागा: अमुक तारखेपर्यंत पैसे, किंवा दुसऱ्या रिपोर्टचीही ऑर्डर. नुसत्या ‘जरा कमी करा ना’ वर भाव उतरला की पहिला भाव फुगवलेला होता, असाच अर्थ निघतो.

७. कस्टम कामाचा प्रस्ताव: गृहीतकं लिहून ठेवा

कस्टम रिसर्चमध्ये प्रस्ताव हाच तुमचा माल. त्यात क्लायंटचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, पद्धत, कोणाशी बोलणार, किती जणांशी, मुलाखतीची लांबी, भाषा, वेळापत्रक, हाती काय देणार आणि किंमत हे सगळं हवं. लांबलचक कंपनी-परिचय शेवटी टाका, तो कुणी वाचत नाही.

खरी मेख आहे गृहीतकांत. ‘ही किंमत १० टक्के इन्सिडन्स आणि १५ मिनिटांची प्रश्नावली धरून आहे, यात बदल झाल्यास दर नव्याने ठरेल’ हे एक वाक्य प्रस्तावात नसल्याने अख्खा प्रोजेक्ट तोट्यात गेलेला मी एका कंपनीत पाहिला आहे. प्रश्नावली तर वाढतेच. १५ मिनिटांची ठरते, क्लायंटचे तीन विभाग आपापले प्रश्न घुसडतात आणि ती २५ मिनिटांवर जाते. उत्तर देणारे अर्ध्यातून उठतात, फील्डवर्क रखडतं. दुर्मिळ लोकांची मागणी असेल, उदाहरणार्थ एखाद्या विशिष्ट शस्त्रक्रियेचे सर्जन, तर फील्डवर्कवाल्यांना विचारल्याशिवाय आकडाही सांगू नका आणि तारीखही.

आणि निकालाची हमी तर नाहीच नाही. ‘आमचं उत्पादन चांगलं आहे हे सर्व्हेतून निघेल ना?’ असं विचारणारे भेटतात. सर्व्हेतून जे निघेल ते निघेल, हे ऑर्डर घेण्याआधी सांगायचं असतं.

८. जवळ ठेवायची कागदपत्रं आणि साधनं

- गोपनीयतेचा करार, म्हणजे एनडीए. कस्टम कामात क्लायंटची माहिती हातात येण्याआधी हा व्हायला हवा.
- प्रस्ताव आणि कामाचा तपशील, दोन्ही बाजूंच्या सह्यांसकट.
- लायसन्सच्या अटी, किमतीच्या कोटेशनसोबतच पाठवायच्या.
- व्हेंडर नोंदणीसाठी (क्लायंटकडे पुरवठादार म्हणून नाव नोंदवण्यासाठी) लागणारी कंपनीची कागदपत्रं: नोंदणीचा दाखला, कराचे कागद, बँकेचा तपशील. एकाच फोल्डरमध्ये तयार ठेवा.
- डेटा संरक्षणाचा करार. वैयक्तिक माहिती हाताळायची असेल तिथे क्लायंटचा कायदा विभाग मागतोच.
- आयएसओ २०२५२ प्रमाणपत्र, कंपनीकडे असेल तर. मार्केट, मत आणि सामाजिक संशोधनासाठीचं हे मानक आहे. मोठे क्लायंट त्याबद्दल विचारतात.
- सीआरएम, देशोदेशीच्या वेळा दाखवणारं कॅलेंडर, स्प्रेडशीट, आणि अ‍ॅनालिस्टची उत्तरं लिहिलेली तुमची स्वतःची वही.

मोठ्या कंपनीत व्हेंडर नोंदणीलाच काही आठवडे जातात. ‘घेऊ’ असं तोंडी कळताच नोंदणीचा फॉर्म मागून घ्या, ऑर्डरची वाट बघत बसू नका. मात्र तोंडी होकारावर काम सुरू करू नका. परचेस ऑर्डर (पीओ) किंवा सही केलेला कागद हातात आला की मगच फील्डवर्कला कळवा. ‘तुम्ही सुरू करा, पीओ येतोच आहे’ म्हणणारा माणूस सज्जन असतो, पण पीओ त्याच्या हातात नसतो.

९. रिपोर्ट पाठवल्यानंतर

फाइल पाठवली की सीआरएममध्ये सौदा ‘बंद’ असं टाकून मोकळे होऊ नका. आठवड्याच्या आत फोन करून शंका विचारा. बहुतेकदा एखाद-दुसरीच असते, अ‍ॅनालिस्टकडून लगेच सुटते.

तक्रार येते ती बहुधा अशी: ‘दुसऱ्या कंपनीचा आकडा तुमच्या दुप्पट आहे, मग बरोबर कोण?’ अशा वेळी दुसऱ्या कंपनीला नावं ठेवू नका. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून चार गोष्टी तपासा: वस्तूची व्याख्या, आधारवर्ष, किंमत कोणत्या टप्प्यावरची आणि चलन कोणत्या दराने बदललं. फरक कुठून आला ते एका पानावर लिहून द्या. फरक बसत नसेल, आपल्याच आकड्यात गडबड निघाली, तर दुरुस्त फाइल अ‍ॅनालिस्टच्या खुलाशासह पाठवा, आणि तोच रिपोर्ट घेतलेल्या बाकीच्या क्लायंटनाही पाठवा.

पहिल्या कॉलवर विचारलेली निर्णयाची तारीखही सीआरएममध्ये टाकून ठेवा. बोर्डाची बैठक होऊन आठवडा झाला की फोन करा आणि काय ठरलं ते विचारा. प्लांटचा देश ठरला असेल तर आता त्यांना तिथले पुरवठादार, वितरक आणि स्पर्धकांच्या किमती हव्या असतील. नाही ठरलं, तर कशावर अडलं ते ऐकून घ्या. पुढच्या प्रस्तावाची पहिली ओळ तीच असेल.